खालचा सूर कोणी धरायचा

कळव्याहून ऐरोलीच्या रस्त्याला लागलं की विजेच्या उंच मनोऱ्यांची आणि तारांची दाटी सुरू होते. महाराष्ट्राची विजेची मागणी आणि पुरवठा यांचा तोल अहोरात्र सांभाळणारं राज्य भार प्रेषण केंद्र याच भागात आहे. तोल नीट आहे की नाही हे एका आकड्यावरून कळतं: ५० हर्ट्झ. देशाच्या ग्रिडसाठी ४९.९० ते ५०.०५ एवढीच मुभा आहे. बेस गिटार वाजवणाऱ्या माणसाला हा आकडा पाहावा लागत नाही, तो त्याला ऐकू येतो. बेसच्या सर्वांत जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटला बोट दाबलं की निघणाऱ्या 'जी' सुराची कंपनं सेकंदाला ४९ असतात. मंडपात अर्थिंग धड नसलं आणि गिटारचा पिकअप एकेरी कॉइलचा असला, की स्पीकरमधून जी घरघर येते ती ५० हर्ट्झची आणि तिच्या पटींची. 'जी'मधलं गाणं चालू असेल तर ही घरघर सुराला लगटून, सेकंदाला एक अशा संथ हेलकाव्याने डुलत राहते. गाणं 'एफ'मध्ये असेल तर मात्र त्याच्या बुडाशी एक परका सूर ठाण मांडून बसतो आणि गायकाला काहीतरी खटकत राहतं, काय ते सांगता येत नाही.

लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणली, तेव्हा तिचा पिकअप एकेरीच होता. १९५७ मध्ये त्यांनी तो दोन तुकड्यांत विभागला. दोन तारा एका कॉइलवर, दोन दुसऱ्यावर, आणि दोन्ही कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या, म्हणजे बाहेरून शिरलेली घरघर आपसांत रद्द होते आणि तारेचा सूर तेवढा उरतो. आज कुठल्याही मंडपात, कुठल्याही जनरेटरवर निर्धास्तपणे चालणाऱ्या बेस गिटारमागे ही साठ-सत्तर वर्षांपूर्वीची जोडणी आहे. रेकॉर्डिंगमध्ये ऐकलेला बेस रंगमंचावर पुन्हा उभा करायचा म्हटलं की लोकांना बोटांचं कौशल्य आठवतं. पण विजेपासून भिंतीपर्यंत बऱ्याच गोष्टी त्यात आधीच हात घालून बसलेल्या असतात.

भिंतींचंच घ्या. कळव्यात सरावाची जागा म्हणजे बहुतेकदा घरातलीच एखादी खोली, दहा बाय बाराची. बेसच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेचा सूर ४१ हर्ट्झचा असतो आणि हवेत त्याच्या एका लाटेची लांबी भरते जवळपास अठ्ठावीस फूट. ही लाट त्या खोलीत मावतच नाही. मावतात त्या दोन: बारा फुटांच्या अंगाने सुमारे ४७ हर्ट्झची आणि दहा फुटांच्या अंगाने सुमारे ५७ हर्ट्झची अर्धी लाट. या दोन कंपनसंख्यांजवळचे सूर, म्हणजे एकीकडे 'एफ शार्प' आणि 'जी', दुसरीकडे 'ए' आणि त्याच्या वरचा अर्धा सूर, समोरासमोरच्या भिंतींमध्ये अडकून फुगतात. कान कोपऱ्यात नेला तर दणका बसतो, खोलीच्या मधोमध नेला तर तोच सूर जवळजवळ नाहीसा होतो. बेसची दुसरी मोकळी तार नेमकी 'ए'ची, ५५ हर्ट्झची आहे. ती या घोळक्यात सापडते. मग वाजवणारा नकळत 'ए' हळू छेडायला लागतो आणि 'सी', 'डी' जोरात. महिनाभर असा सराव करून तो मोकळ्या मैदानात वाजवायला गेला, की तिथे भिंती नसतात, पण बोटांना लागलेली सवय सोबत आलेली असते. ओळ उंचसखल ऐकू येते आणि दोष साउंडवाल्यावर जातो. म्हणून निम्मा तरी सराव हेडफोन लावून करावा, हे माझं आग्रहाचं सांगणं. शेजाऱ्यांसाठी तर तो करावाच, कारण वरच्या पट्टीतला आवाज भिंत बराचसा अडवते, पण खालचा सूर भिंतीलाच हलवतो आणि पलीकडे पोचतो.

आता मूळ ओळ ऐकून उचलायची कशी, हा पहिला प्रश्न. मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून ४१ हर्ट्झ बाहेर पडूच शकत नाही. तरीही लोकलच्या डब्यात कोणी मोबाइलवर गाणं लावलं तर बेसची ओळ आपल्याला कळते. ताणलेली तार छेडली की ४१ बरोबर ८२, १२३, १६५ अशी तिच्या पटींतली कंपनंही उमटतात. स्पीकर ४१ गाळतो, वरची सोडतो. कान आणि मेंदू त्या वरच्या कंपनांमधलं सारखं अंतर ओळखतात आणि पायाचा सूर स्वतः भरून काढतात. ऐकणाऱ्याच्या डोक्यात असा सूर उभा राहतो जो हवेत नाहीच. ध्वनिशास्त्राला हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे आणि स्टेजवर बेस उभा करण्याच्या निम्म्या युक्त्या याच एका गोष्टीवर चालतात. खालचा सूर पूर्ण ताकदीने देता येत नसेल, तर त्याच्या वरच्या पटी ठळक करा. थोडा खरखरीतपणा आणा, बोटांऐवजी प्लेक्ट्रम वापरा, म्हणजे छोट्या स्पीकरवरही ओळ हरवत नाही.

कॅसेटच्या काळात गाणं बसवणारे बेसवाले टेपरेकॉर्डरचा बॅलन्स पूर्ण एका बाजूला फिरवायचे. १९६० च्या दशकातल्या पुष्कळ स्टीरिओ रेकॉर्डिंगमध्ये बेस एकाच कानात टाकलेला असे. बीटल्सची त्या काळातली गाणी ऐकताना हे सहज कळतं. उरलेली वाद्यं दुसऱ्या बाजूला गेली की ओळ उघडी पडायची. आता मोबाइलवरच गाणं संथ करता येतं, वाद्यं वेगळी करता येतात. एक जुनी युक्ती मात्र अजून सर्वांत कामाची आहे: गाणं आख्खं एक सप्तक वर चढवून ऐकायचं. खर्जात गडप झालेले बेसचे सूर गिटारच्या टापूत येतात आणि कोणता सूर कुठे सरकला, कुठे तार बोटाने दाबून बंद केली, हे स्पष्ट दिसायला लागतं. बेसमध्ये सूर थांबवणं हे सूर लावण्याइतकंच महत्त्वाचं असतं. नवशिके सूर बरोबर उचलतात आणि विराम सोडून देतात. मग गाणं बरोबर असूनही डोलत नाही.

उचलता येणारी ओळ वाजवता येईलच असं मात्र नाही. स्टुडिओत वेळ माणसाच्या हातात असते, टेप उलटी फिरवता येते, एकावर एक थर चढवता येतात. पीटर गॅब्रिएल यांच्या १९८६ च्या 'सो' या अल्बममध्ये 'बिग टाइम' नावाचं गाणं आहे. त्यातला बेस ठोकल्यासारखा, टणत्कारी आणि तरी सुरेल लागतो. तो एका माणसाने वाजवलेला नाही. टोनी लेविन यांनी डाव्या हाताने तारा दाबून सूर धरले आणि ड्रम वाजवणारे जेरी मरोटा यांनी त्याच तारांवर ड्रमच्या काठ्या मारल्या. एक बेस, दोन माणसं, तीन हात. दौऱ्यावर निघायची वेळ आली तेव्हा पंचाईत झाली. मरोटांच्या काठ्यांचं काम लेविन यांनी एकट्याने करायचं ठरलं. एका हातात काठी धरून ते साधेना. तेव्हा गॅब्रिएल यांनीच सुचवलं की काठ्या बोटांनाच बांधल्या तर? ड्रमच्या काठ्यांचे आखूड तुकडे करून ते उजव्या हाताच्या दोन बोटांवर बसवले गेले. त्यांना पुढे 'फंक फिंगर्स' म्हणू लागले. आता मनगटाच्या झटक्याने तारेवर काठी पडते, आणि दोन बोटं असल्यामुळे एकापाठोपाठ एक, डावी-उजवी काठी चालवल्यासारखी लयही पकडता येते. स्टुडिओतल्या एका गंमतीची स्टेजवर नक्कल करताना एक नवं साधन जन्माला आलं आणि लेविन यांच्या वादनाचा तो कायमचा भाग झाला.

त्याच वर्षी पॉल सायमन यांचा 'ग्रेसलँड' आला. त्यातल्या 'यू कॅन कॉल मी अल' या गाण्यात दक्षिण आफ्रिकेचे बकिथी कुमालो यांची बिनफ्रेटच्या बेसवर एक भरधाव उडी आहे. दोन मापांत ती संपते. पण त्यातलं पहिलंच माप कुमालो यांनी वाजवलं. दुसरं माप म्हणजे त्याच वादनाची उलटी फिरवलेली टेप. सूर ज्या क्रमाने आले तसेच्या तसे उलट क्रमाने परततात. आता ही जागा स्टेजवर घ्यायची कशी? तार छेडली की सूर एकदम उसळतो आणि हळूहळू विझतो. टेप उलटी केली की उलट होतं: सूर हळूहळू फुगतो आणि एकदम तुटतो. बोटांनी हे होत नाही. करंगळीने आवाजाची खुंटी फिरवत सूर फुगवता येतो, पण त्या वेगात ते शक्य नाही. म्हणून वाजवणारे सुरांचा उलटा क्रम तेवढा पाठ करतात आणि फुगवटा सोडून देतात. मला हा निर्णय योग्य वाटतो. एवढ्या घाईत ऐकणाऱ्याचा कान क्रम पकडतो, प्रत्येक सुराची घडण पकडत नाही. शिवाय क्रम बरोबर आला की ज्याने गाणं शंभरदा ऐकलंय त्याच्या मनात उरलेलं आपोआप भरलं जातं.

तिसरं उदाहरण थोडं जुनं, १९७२ चं. लू रीड यांच्या 'वॉक ऑन द वाइल्ड साइड'ची सुरुवात ज्या घरंगळत्या बेसने होते तो हर्बी फ्लॉवर्स यांनी दोनदा वाजवला आहे. आधी उभ्या, व्हायोलिनच्या कुळातल्या मोठ्या बेसवर खालची ओळ, मग तिच्यावर इलेक्ट्रिक बेसवर वरची ओळ. दोन्ही ओळींत दहा सुरांचं अंतर. दोन वाद्यं वाजवली तर मेहनतानाही दुप्पट मिळतो, हे त्यामागचं कारण त्यांनी पुढे मोकळेपणाने सांगितलं होतं. एकट्या बेसवाल्याला हे गाणं वाजवायचं असेल तर त्याला निवड करावी लागते. खालची ओळ घेतली तर गाणं उभं राहतं पण ओळखू येत नाही, वरची घेतली तर ओळखू येतं पण पोकळ वाटतं. दोन्ही तारा एकदम छेडून दहाचं अंतर धरणं शक्य आहे, पण घसरताना दोन्ही बोटं एकाच वेळी, एकाच अंतराने सरकायला हवीत. सरावाने जमतं. बोटांना दुखापत न होता जमायला वेळ लागतो.

बेसवालाच नसेल तर? डोर्सचा तोच प्रश्न होता. लॉस एंजेलिसमध्ये १९६५ साली बनलेल्या या बँडमध्ये गायक, गिटार, ड्रम आणि की-बोर्ड, एवढेच चौघे. स्टेजवर रे मँझारेक डाव्या हाताने फेंडर ऱ्होड्सचा छोटा पियानो बेस वाजवत, बत्तीस पट्ट्यांचा, ऑर्गनच्या डोक्यावर ठेवलेला, आणि उजव्या हाताने ऑर्गन. त्यामुळे डोर्सच्या मैफिलींतला बेस ठरावीक चार-सहा सुरांत फिरत राहतो. डाव्या हाताला फार काम दिलं तर उजव्याची मोकळीक जाते. मला ही मर्यादा त्या बँडचं बळ वाटते. गाणं पंधरा मिनिटं ताणलं तरी तो फेरा अढळ राहतो आणि बाकीचे तिघे त्याच्यावर वाटेल तितके भरकटू शकतात. रेकॉर्डिंगमध्ये मात्र त्या पियानो बेसला पुरेशी धार येईना, म्हणून अल्बमसाठी बेस गिटारवाले बोलावले जात. 'लाइट माय फायर'वर लॅरी नेक्टेल आहेत. म्हणजे इथे उलटं घडलं: स्टेजवरचा बेस आधीचा आणि रेकॉर्डिंगमधला त्याच्यावरून केलेला.

हात पुरले नाहीत तर पाय. चर्चमधल्या ऑर्गनला पायातल्या पट्ट्या असतातच. लेड झेपलिनचे जॉन पॉल जोन्स की-बोर्डवर बसले की हॅमंड ऑर्गनचे पेडल दाबून बेस सांभाळत. १९७० च्या दशकाच्या मध्यात मूग कंपनीने 'टॉरस' आणलं, पायांनी वाजवायचा तेरा पट्ट्यांचा सिंथेसायझर. कॅनडाच्या रश बँडचे गेडी ली गात, बेस वाजवत, मध्येच की-बोर्डला हात घालत, आणि तेवढ्या वेळात बेसचा सूर पायाने धरून ठेवत. 'पोलीस' बँडचे स्टिंगही ते वापरत. तिघांच्या बँडमधून पाच जणांचा आवाज येतो तो असा.

आणि काही वेळा गिटारच बेस होते. २००३ मधल्या व्हाइट स्ट्राइप्सच्या 'सेव्हन नेशन आर्मी'ची ती सात सुरांची ओळ आज जगभरच्या फुटबॉल मैदानांवर लोक घोळक्याने गातात. त्यात बेस गिटार नाही. जॅक व्हाइट यांनी साधी गिटार सूर एक सप्तक उतरवणाऱ्या पेडलमधून वाजवली आहे. बँडमध्ये माणसं दोनच होती, जॅक आणि ड्रमवर मेग व्हाइट, आणि स्टेजवरही ते तसंच वाजवत.

मुंबईत रॉक वाढला तो याच नकलांमधून. १९८४ मध्ये सुरू झालेला आणि १९९३ मध्ये इंडस क्रीड नाव घेतलेला रॉक मशीन हा बँड स्वतःची गाणी वाजवण्यासाठी ओळखला गेला. उदय बेनेगल गायक, महेश तिनईकर गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर. १९८६ पासून भरणाऱ्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवात मात्र परदेशी गाणी हुबेहूब वाजवणाऱ्यांची मोठी परंपरा होती. धोबी तलावच्या रंगभवनच्या उघड्या प्रेक्षागारात अशा मैफिली व्हायच्या. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे ते बंद पडलं. कल्याण-ठाण्याची पोरं शेवटच्या लोकलचा हिशेब करत तिथे जायची.

पण बेस स्टेजवर पुन्हा उभा करण्याचं सर्वांत जास्त काम आपल्याकडे रॉकवाल्यांनी केलेलं नाही. ते केलं ऑर्केस्ट्रांनी. हिंदी चित्रपटसंगीतात, विशेषतः राहुल देव बर्मन यांच्या गाण्यांत, रॉकचा बेस घराघरांत पोचला. त्यांच्यासाठी टोनी वाझ यांनी बेस वाजवला. चरणजित सिंग यांच्यासारखे वादक गिटारपासून अकॉर्डियनसारख्या ट्रान्झिकॉर्डपर्यंत सगळं हाताळत. 'दम मारो दम'मधला ट्रान्झिकॉर्ड त्यांचाच. याच चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीच्या टीबी-३०३ या यंत्रावर दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर रेकॉर्ड केले. ते यंत्र मुळात काढलं होतं एकट्या गिटारवाल्याला बेसवाल्याची साथ मिळावी म्हणून. तादाओ किकुमोतो यांनी ते घडवलं, १९८१ मध्ये ते बाजारात आलं आणि १९८४ पर्यंत बंदही झालं. खऱ्या बेससारखं ते अजिबात वाजत नसे. त्याच्या घसरत्या, चिरक्या आवाजावर शिकागोत १९८७ च्या सुमारास नाचाचं नवं संगीत उभं राहिलं, आणि मुंबईतल्या माणसाने तोच आवाज पाच वर्षं आधी रागांसाठी वापरला होता, हे जगाला कळलं २०१० मध्ये तो अल्बम पुन्हा निघाल्यावर.

ऑर्केस्ट्रातल्या बेसवाल्यापुढचा रोजचा प्रश्न मात्र यंत्राचा नसतो, पट्टीचा असतो. ठाण्याच्या गडकरी रंगायतनात, कल्याणच्या अत्रे रंगमंदिरात किंवा डोंबिवलीच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरात जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असतो. गायकाचा आवाज मूळ गायकाच्या पट्टीत पोचत नाही. तालमीत तो म्हणतो, "दादा, एक सूर खाली घ्या ना." की-बोर्डवाला बटण दाबून मोकळा होतो. गिटारवाला कॅपो सरकवतो किंवा कॉर्डचा आकार हलवतो. बेसवाल्याची मात्र कोंडी होते. मूळ ओळ मोकळ्या 'ई'वर बेतलेली असेल तर एक सूर खाली 'डी' येतो आणि चार तारांच्या बेसवर तो नाहीच. जाड तार सैल करून 'डी'ला उतरवली तर त्या तारेवरची सगळी बोटं दोन फ्रेट सरकतात, आणि पुढचं गाणं मूळ पट्टीत असेल तर निवेदकाच्या दोन वाक्यांत तार पुन्हा चढवावी लागते. पाच तारांची बेस असली तर खाली ३१ हर्ट्झच्या 'बी'पर्यंत जागा मिळते, पण मोकळ्या तारेचा तो भरलेला, घुमणारा आवाज दाबलेल्या सुराला येत नाही. तिसरा मार्ग म्हणजे तो एक सूर सप्तकभर वर घेणं. ओळीचा तळ त्या ठिकाणी एकदम उचलला जातो. सामान्य श्रोत्याला ते कळत नाही असं समजू नका. त्याला कारण सांगता येत नाही, पण त्याचा पाय त्या मात्रेला थबकतो. चांगला बेसवाला अशा वेळी सूर वर घेतोच, पण त्याच्या आधीचा सूर थोडा लांबवतो, म्हणजे तळ सुटल्याची जाणीव बोथट होते. हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं, तालमीत कानांनीच शिकलं जातं.

आणि मग बेंजो. कळवा, खारेगाव, विटावा ही मुळात आगरी-कोळी वस्तीची गावं. इथल्या हळदीला आणि गणपतीच्या मिरवणुकीला बेंजो पार्टी हवीच. या वाद्याचा मूळ पुरुष जपानी. नागोयात गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये बनवलेला ताइशोगोतो. टाइपरायटरसारख्या कळांचं ते तंतुवाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग झालं, त्याला पिकअप बसला, अँप्लिफायर मिळाला आणि गल्लीतलं सर्वांत धारदार वाद्य तयार झालं. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये रितेश देशमुख यांना घेऊन 'बँजो' नावाचा हिंदी चित्रपटच केला. पण हे वाद्य गातं वरच्या सप्तकांत. ताशा वरचा, ऑक्टोपॅडचे बरेच ठोके वरचे. अनेक पार्ट्यांत बेस गिटार नसतेच. मग हिंदी गाण्यातली बेसची ओळ कोण धरतं? की-बोर्डवाल्याचा डावा हात. पट्ट्या मधोमध विभागून खालच्या दीड-दोन सप्तकांना बेसचा आवाज लावलेला असतो, वरच्या भागात ब्रास किंवा व्हायोलिन. मँझारेक यांनी केलं तेच. हलगीबरोबर घुमकं का लागतं आणि ढोलकीची धुमाची बाजू शाईपुडीशी का बोलते, हे ज्यांच्या अंगात मुरलंय त्यांना हे काम कोणी शिकवावं लागत नाही.

डाव्या हाताला मूळ ओळीतल्या सगळ्या जागा घेता येत नाहीत, आणि त्या घेण्याची गरजही नसते. कॉर्डचा पायाचा सूर आणि त्याचा पंचम, एवढ्यावर ओळीचा सांगाडा उभा राहतो. कॉर्ड बदलण्याआधीच्या शेवटच्या अर्ध्या मात्रेला एक जोडसूर टाकला की कान पुढच्या कॉर्डकडे खेचला जातो. मूळ रेकॉर्डिंगमधली जी एखादी जागा गाण्याची ओळखच आहे, ती तेवढी जशीच्या तशी घ्यायची. बाकी ऑक्टोपॅडच्या खालच्या ठोक्याशी बोट बरोब्बर एकत्र पडलं पाहिजे. ते दोन पडले की स्पीकरमधून एकच मोठा धक्का येतो. पंधरा-वीस मिलिसेकंद मागेपुढे झाले तर धक्का फाटतो, आणि नाचणाऱ्याला तो पायात कळतो.

आजकाल बऱ्याच ठिकाणी मायनस ट्रॅक लावून वरून गातात. त्यातला बेस मूळ बेसच्या जवळचा असतो, सुरांत चूक नसते, आणि छोट्या कार्यक्रमाचा खर्च वाचतो. गरीब कलाकाराला त्यासाठी नावं ठेवण्यात अर्थ नाही. पण हळदीत गाणं किती वेळ चालणार हे रेकॉर्डिंग ठरवत नाही. नवरदेवाचे मामा मध्ये शिरले, आत्या आल्या, कोणी नोटा ओवाळल्या, की तेच कडवं चारदा फिरतं. ट्रॅक साडेचार मिनिटांनी संपतो. डावा हात संपत नाही. तो माणसांकडे पाहून फेरा लांबवतो, जोर वाढवतो, आणि अनुभवी असेल तर आठ मात्रा बेस साफ काढून घेतो. ताशा आणि बेंजो तेवढे उरतात, सगळं अधांतरी होतं, लोक हात वर करून थांबतात, आणि पुढच्या समेवर खालचा सूर परत पडला की अंगण एकदम उसळतं. हे मूळ गाण्यात कुठेही नसतं. तरी ते गाणं त्या अंगणात खरं होतं ते तिथेच.

यातला सर्वांत अवघड भाग अलीकडे आवाजाच्या मर्यादेशी जोडला गेला आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाहीत, सणावारांना राज्य सरकार ठरावीक दिवस बारापर्यंत सवलत देऊ शकतं, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचा किमान शंभर मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो. ठाण्याचेच डॉ. महेश बेडेकर यांनी लढवलेल्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये दिलेल्या निकालाने या नियमांना धार आली. कळव्यात तर पालिकेचं मोठं रुग्णालय वस्तीला लागूनच आहे. तिथल्या रुग्णांचा झोपेचा हक्क माझ्या लेखी कुठल्याही गाण्यापेक्षा मोठा आहे. आणि संगीताच्या बाजूनेही इथे एक वाट आहे. सबवूफरमधून ४० हर्ट्झचा धक्का दूरवर आणि भिंतींपलीकडे जातो, पण ओळ कळायला त्याची गरज किती, हे मोबाइलच्या स्पीकरने दाखवलेलंच आहे. मिक्सरवर सर्वांत खालचा भाग छाटायचा, १०० ते २५० हर्ट्झचा टापू नेटका ठेवायचा, प्लेक्ट्रमची टोकदार सुरुवात ऐकू येऊ द्यायची. अंगणात उभ्या असलेल्यांना बेस मिळतो आणि पलीकडच्या इमारतीच्या खिडक्या थरथरत नाहीत. जाणते साउंडवाले हे करतात. त्यांना पार्टीवाल्यांनी "दादा, अजून बेस द्या" म्हणून भरीस घालू नये. की-बोर्डवरच बेससाठी जरा खरखरीत आवाज निवडून आणावा आणि तालीम चालू असतानाच साउंडवाल्याला तो ऐकवून ठेवावा.